पावन्याची तेरवी

मी उर्मिला. बोरगावच्या पुढं, सौंसरच्या रस्त्याले आमचं गाव आहे अन् गावात शिरल्या शिरल्या माही आटाचक्की. कोनाच्या घरी पावने आले, कोनाच्या घरी भांडन झालं, हे मले दळनावरून समजते. त्या तेरवीच्या पुऱ्याइचं पीठ माह्याच चक्कीवर दळलं गेलं, म्हनून सांगाचा हक्क मले आहे. तेरवी कोनाची, त एका वांदराची. हसा, पहिले हसून घ्या. मलेही हसूच आलं असतं, पन त्या दिवसाची आठवन आली का माहं डोस्कं तापते, अन् तुमचंही तापलं पायजे म्हनून सांगून राहिली.

पहिले वच्छला कोन ते ऐका. लग्न होऊन आली तवापासून माही शेजारीन. लेकरू झालं नाई. चार वर्सं झाले, नवरा गेला. मंग घर झालं भासऱ्याचं, म्हंजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, केशवरावचं. नवऱ्याच्या वाट्याचा संत्र्याचा बगिचा तिचाच होता, कागदावर अजूनही तिचाच आहे. पन केशवरावनं तिले त्याच बगिच्यात राखनदारीन म्हनून धाडलं. म्हने घरी बसून बाई रिकामी होते, तिथं वांदरं तरी हाकलन. इहिरीजवळ एक टिनाची खोली, एक खाट, अन् वाजवाले एक डबा. बाई स्वतःच्या बगिच्याची चाकर झाली, अन् गावातल्या कोनाले त्यात काही वाकडं दिसलं नाई.

बोलनंच बंद झालं होतं तिचं. दळन घेऊन येऊन बसे, मी म्हनो, 'कशी आहे वं वच्छले?' त मान हालवे. पीठ घे अन् चालली जाय. लोक म्हनत, वच्छला मुकी झाली. मुकी कायची, बोलाले कोनी ठेवलंच नव्हतं तिच्याजवळ.

अन् केशवरावसमोर त बोलाचा सवालच नाई. आमच्याकडं भासऱ्यासमोर भावसून डोक्यावरचा पदर ढळू देत नाई अन् तोंड उघडत नाई. काही सांगाचं असन त तिसऱ्याच्या तोंडून. दोघंही एकाच ओट्यावर बसले असन तरी तो म्हनन, 'उर्मिलाबाई, तिले सांगा', अन् ती म्हनन, 'उर्मिला, त्याइले म्हना.' तो तिसरा मानूस बहुतेक मीच. चक्कीच्या दोन पाटांमंधात दाना असते तशी मी.

एका उन्हाळ्यात वच्छला दळन घेऊन आली अन् आपल्या मनानं बोलली. म्हने, 'उर्मिला, आज माह्या घरी पावना आला.' मले वाटलं माहेराहून कोनी आलं. मी इचारलं, काय केलं मंग जेवाले? त म्हने, 'भाकर टाकली त्याच्याम्होरं, पन तो पानीच प्याला अन् इहिरीच्या भिंतीवर बसून राहिला.' इचारता इचारता समजलं का पावना म्हंजे वांदर आहे. काळ्या तोंडाचं, बुढं, ओठ फाटलेलं. टोळीत नवा नर आला अन् त्यानं याले मारून हाकललं. घरातून काढलेला तो, अन् घरातून काढलेली ही.

तवापासून तो रोज दुपारी येऊन राहिला. अन् ऐका, तिनं त्याले कधी हात लावला नाई. त्यानंही कधी तिच्या हातातून काही घेतलं नाई. भिंतीवर ठेवलं, ती मांगं सरकली, का मंग तो खाय. ती म्हने, जंगलचा जीव आहे, त्याले मानसाच्या हाताची सवय लागली त तो मेला समज. खाऊन झालं का तो तिच्याकडं पाठ करून बसे, डोंगराकडं तोंड, अन् ही खाली बसून संत्रे निवडे, काडीकचरा वेचे, अन् त्याच्यासंग बोले. सारं बोले. लग्नातलं, नवऱ्याच्या बिमारीतलं, केशवरावच्या घरातलं. मी एकडाव गेली होती, मले पायलं त तो खकारला अन् झाडावर चढला. मले मेलं वाईटच वाटलं. मी म्हनलं, हे तुह्याकडं ढुंगन करून बसते अन् तुले याचं कौतुक? तवा ती जे बोलली ते मी इसरली नाई.

'ज्याचा भरोसा नाई त्याच्याकडं कोनी पाठ करून बसते काय, उर्मिला? घरी सारे माह्यावर नजर ठेवून बसत. हा एकटाच पाठ करून बसते.'

मंग म्हने, पहिले मी सकाळी उठो त इचार करो का काहून उठली. आता दुपारी कोनीतरी येते, त्याच्याआंधी माहं काम आटोपलं पायजे. एवढंच. तिले दुसरं काही नोको होतं. बाई हसाले लागली, डोक्याले तेल लागलं, माह्या चक्कीवर बसून मलेच गोष्टी सांगाले लागली. डबा वाजवनं तिनं सोडून देलं. धुऱ्यालगतची, म्हंजे बांधाजवळची, संत्र्याची एक ओळ तिनं वांदराइले सोडली, अन् धुऱ्यावर उंबराचे, बोराचे रोपं लावले, का उद्या याइले संत्र्याची गरजच पडू नये. टोळी येई, त्या ओळीत खाई, अन् चालली जाई. पावना दुरून पाहे. टोळीनं त्याले घेतलं नाई, पन त्यानं टोळी सोडली नाई.

गावाले हे पायवलं नाई. पोट्टे तिले वांदराची बायको म्हनाले लागले. एक जन माह्या चक्कीवर उभं राहून म्हनला त मी त्याचं दळन तसंच उचलून रस्त्यावर ठेवलं, म्हनलं, जाय, तुह्या मायले म्हन पाट्यावर वाट. अन् हेच पोट्टे, हेच त्याइचे बाप, शनिवारी जामसांवलीले जातेत. मारुतीम्होरं लोटांगन घालतेत. वाटेत वांदरं दिसले त गाडी थांबवून केळं देतेत, हात जोडतेत, फोटो काढतेत. अन् घरी आले का बगिच्यातल्या वांदरामांगं सुतळी बॉम्ब. रस्त्यावरचं वांदर देव अन् वावरातलं चोर, हे कोनतं शास्त्र आहे बापा, मले कोनी समजावून सांगावं.

केशवराव त सगळ्याइच्या म्होरं. एक शनिवार चुकवत नाई. कपाळाले शेंदूर, गळ्यात माळ. त्याचा बगिचा वच्छलाच्या बगिच्याले लागून, मंधात एक धुरा. रानडुकराइसाठी त्यानं बॅटरीचं झटका मशीन बसवलं होतं, ते बिघडलं. सुधरवाचा कंटाळा. त्यानं काय केलं, खांबावरच्या लाईनीवर आकडा टाकला अन् धुऱ्यावरच्या तारीत थेट करंट सोडला. आकडा वरच लटकलेला; सांज झाली का खालचं टोक तारीले जोडे, सकाळी उन्हं वर आले का सोडवे. मशीनचा झटका लागला त जीव पळते, याचा लागला त चिकटते. गावात आनखी काही जनाइच्या धुऱ्यावर हेच आहे, म्हनून कोनी कोनाले बोलत नाई.

वच्छलानं ते पायलं अन् तिचा जीव उडाला. टोळी पहाटेच त्या धुऱ्यावरून उतरते, अन् पावना त्याइच्या मांगं. ती माह्याकडं पळत आली. म्हने, तू चाल, त्याइले म्हन का तार काढा. आम्ही दोघी गेलो. केशवराव ओट्यावर चहा पिऊन राहिला होता. वच्छला दाराआड उभी, पदर नाकापर्यंत. मी म्हनलं, भाऊ, ती म्हनते का करंट बंद करा, वांदर मरन, उद्या मानूसही मरन, पाहिजे त माहे संत्रे घ्या पन मशीन सुधरवून आना. त्यानं बशी खाली ठेवली नाई. माह्याकडंच पाहून म्हनला:

'उर्मिलाबाई, तिले सांगा, वांदर काय माह्या नात्यातलं आहे? मेलं त मी काय सुतक पाळू?'

हे शब्द ध्यानात ठेवा. मी ठेवले होते.

वच्छलानं मंग जे जमलं ते केलं. पहाटेच उठे अन् धुऱ्याजवळ जाऊन तोच जुना डबा वाजवे, का टोळी तिकडून उतरू नये. ज्या जीवासाठी डबा सोडला होता, त्याच्याचसाठी पुन्हा हातात घेतला. टोळीनं रस्ता बदलला. पावन्यानं नाई. त्याले तिच्या डब्याची भीती राहिलीच नव्हती. एका शनिवारी ती धुऱ्यावर पोचाच्या आंधीच तो तारीले चिकटला होता.

ती पोचली तवा केशवराव तिच्या आंधीच तिथं होता. आकडा काढलेला, तार गुंडाळून झुडपात टाकलेली. पावना खाली पडलेला. वच्छलानं त्याले तवा पहिल्यांदा हात लावला. तळहाताची कातडी जळून उकलली होती. मी आली तवा ती तो हात आपल्या मांडीवर घेऊन बसली होती अन् केशवराव रस्त्यावर उभा राहून लोकाइले हाका मारून राहिला होता, का या, मारुतीरायानं शनिवारच्या दिवशी माह्या बगिच्यात देह ठेवला.

मी सांगते त्याच्या पोटात काय होतं. जंगलखात्याचे लोक आले असते त केस झाली असती. चोरीचा करंट निघाला असता. म्हनून मारुतीराया. एका घंट्यात गाव जमलं. ट्रॅक्टरले केळीचे खांब, गुलाल, बँडवाले. ज्याइनं बॉम्ब फोडले ते पोट्टे म्होरं नाचत, ज्या बायांनी वच्छलाले नावं ठेवले त्या ओवाळून राहिल्या. पावन्याले भगवं पांघरलं, हात आत झाकले, कोनाले दिसू नये म्हनून. धुऱ्याजवळच समाधी देली. अन् मुलाच्या जागी कोन? केशवराव. न्हाव्याले बोलावलं अन् डोस्कं तासलं. लोक म्हनले, काय मानूस आहे, वांदरासाठी मुंडन केलं. सुतक पाळलं त्यानं, दहा दिवस. चप्पल घातली नाई, मिठाचं खाल्लं नाई. मारून टाकलं तवा नातं नव्हतं, अन् आता सख्खा बाप मेल्यासारखं.

वर्गनी झाली, मंदिर बांधाचं ठरलं. वच्छलाले कोनी काही इचारलं नाई.

अन् तिसऱ्या सांजेले तिनं पायलं, झुडपातली तार पुन्हा धुऱ्यावर चढली होती. आकडा पुन्हा खांबावर. समाधीवरचा गुलाल उडाला नव्हता हो. वच्छला माह्या चक्कीवर आली अन् मले वाटलं ही आता पुन्हा मुकी होईन. पन ती म्हने, टोळीत एक बाई आहे, पोटाले पिल्लू आहे तिच्या. पावना गेला, मी काही करू शकली नाई. हे गेले नाई पायजे. मले काहीही करून ती तार खाली पायजे. मी पुन्हा केशवरावकडं गेली. तो म्हनला, सुतकात असल्या गोष्टी करत नाई.

संत्र्याचा तोडा लागनार होता म्हनून दहावं अन् तेरवी एकाच दिवशी उरकाचं ठरलं. समाधीजवळ पिंड, अन् बाजूले केशवरावच्या बगिच्यात गावाची पंगत. पुरी, बुंदी, आलू-वांग्याची भाजी, कढी. कढया उतरल्या, पत्रावळी मांडल्या. पन पिंडाले कावळा शिवल्याबिगर पंगत कशी बसन? महाराजांनी पिंड ठेवला, सारे दूर सरले. केशवराव हात जोडून उभा, डोस्कं उन्हात चमकून राहिलं होतं. कावळे आले, जांभळाच्या झाडावर बसले. खाली एकही उतरेना.

महाराज म्हनले, इच्छा राहिली असन काही, बोला. मंग सुरू झालं. कोनी म्हनलं, मंदिर बांधतो. कावळा येईना. संगमरवरी मूर्ती बसवतो. येईना. दरवर्सी भंडारा करतो. केशवराव म्हनला, पायी जामसांवलीले जातो, सारं गाव घेऊन जातो. कावळे वरून पाहून राहिले. ऊन डोक्यावर आलं, लेकरं रडाले लागले, बुंदीचा वास नाकात. शेवटी महाराज म्हनले, चालते, दर्भाचा कावळा करून शिववतो, शास्त्रात आहे. त्याइनं दर्भ हातात घेतला.

बायांच्या घोळक्यातून वच्छला उठली. मले वाटलं माह्याकडं येते, काही निरोप सांगाले. ती माह्या बाजूनं निघून म्होरं गेली. केशवरावच्या समोर जाऊन उभी राहिली. लग्न होऊन या घरात आली तवापासून त्या मानसानं तिचा आवाज ऐकला नव्हता.

'महाराज, दर्भ ठेवा,' ती म्हनली. 'मोठे भाऊजी, त्याची इच्छा मले ठाऊक आहे. तार काढा.'

केशवराव सवयीनं माह्याकडं पाहाले लागला, म्हनला, उर्मिलाबाई, तिले सांगा. मी म्हनलं, मी काही सांगत नाई जी, ती समोर उभी आहे. मंग तो जमिनीकडं पाहून पुटपुटला का कसली तार, अन् असली तरी तोडा होऊ द्या, मंग पाहू. त वच्छला म्हनली:

'त्याचा हात जळला होता. मी पायला, तुम्ही झाकला. तुम्ही त्याचे लेक झाले ना? मंग बापाले ज्या तारीनं मारलं, ती लेकाच्या धुऱ्यावर काहून आहे अजून?'

आता तुम्हाले वाटन गाव पेटून उठलं. कायचं उठते. कोनी कोनाच्या तोंडाकडं पाहे, कोनी पायानं माती उकरे. ज्याइच्या धुऱ्यावर आकडे होते ते त झाडामांगंच सरकले. तेवढ्यात पत्रावळीवर बसलेला एक बुढा ओरडला, काढून टाक ना गा केशवराव, पुऱ्या थंड्या होऊन राहिल्या. अन् मंग सारेच. काढ ना, किती वेळ लागते, लेकरं उपाशी आहेत, कढी फाटून जाईन. वांदराच्या जीवासाठी ज्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाई, ते गाव पुरीसाठी एक झालं. मले त्या मानसाइची इतकी शिसारी आली का सांगू नका. पन वच्छला हालली नाई. कशासाठी का होईना, तार निघाली पायजे, एवढंच तिच्या डोळ्यात होतं.

केशवरावले जावं लागलं. उघड्या पायानं, तासल्या डोस्क्यानं, बांबू घेऊन खांबाजवळ गेला अन् आकडा उतरवला. मंग पक्कडीनं तार कापली, गुंडाळली, अन् आनून पिंडाजवळ आपटली. वच्छलानं ती उचलून आपल्या खांद्यावर टाकली.

कावळा शिवला का? मले इचारू नका, कोनी पाहाले थांबलंच नाई. तार खाली पडली अन् लोक पंगतीवर तुटून पडले. महाराजांनी लगोलग दर्भ लावून मोकळं केलं. वाढप्ये धावले. केशवराव स्वतः बुंदीची बादली घेऊन निघाला, का बा, सारं आटोपलं एकदाचं.

अन् तवा टोळी आली. दुपारची तहान त्याइले इहिरीकडं आनते. कितीक दिवसांनी धुऱ्यावर डबा वाजला नव्हता अन् तारही नव्हती. एकेक वांदर धुरा उतरून आलं. म्होरं ती पिल्लूवाली. पिंडाजवळ आली, वास घेतला, अन् भाताचा गोळा उचलून खाऊ लागली. बाकीचे पत्रावळींकडं पाहून राहिले.

पंगतीत एकच गोंधळ झाला. वांदरं आले, हाकला, हाकला. बुंदीचा घास तोंडात अन् हातात गोटा. एका पोट्ट्यानं खिशातून सुतळी बॉम्ब काढला, तेरवीले येताना घेऊन आला होता नालायक. केशवराव बादली टाकून बांबू घेऊन धावला, त्याच बांबूनं आकडा काढला होता. वांदराच्या तेरवीत वांदराइले मारासाठी सारं गाव उठलं, अन् एकाच्याही ध्यानात आलं नाई का आपन काय करून राहिलो.

वच्छला मंधात उभी राहिली. दोन्ही हात पसरून. डोक्यावरचा पदर कवाचाच खाली पडला होता, खांद्यावर ती तार. तिच्या मांगं ती पिल्लूवाली खातच होती, तिच्याकडं पाठ करून.

'तेरवी याइच्या मानसाची आहे,' वच्छला केशवरावले म्हनली. 'घरचे हे आहेत. पहिली पंगत याइची. तुम्ही पावने आहा, बसा खाली.'

बांबू खाली आला. गोटे हातातच राहिले. मी उठली, पुऱ्यांची परात उचलली अन् धुऱ्याकडं नेऊन ठेवली. पीठ माह्या चक्कीचं होतं, मले कोन अडवन. अन् वांदरं खाऊन, पानी पिऊन डोंगराकडं जाईस्तोवर गाव तसंच बसून राहिलं, भरल्या पत्रावळीसमोर.